सही कुणाची, घाम कुणाचा?

वाइनचा विषय निघाला की आपल्याला, म्हणजे बायकांना, एकच प्रश्न विचारला जातो : बाटली आडवी की उभी? त्याचं उत्तर द्यायला आपण शिकलो आहोत. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली, त्यामागे गावोगावच्या बायका होत्या. मार्च २००८ च्या शासन आदेशाने गावातल्या किंवा वॉर्डातल्या दारूच्या दुकानाचा निकाल मतदानाने लावण्याचा हक्क मिळाला आणि त्यानंतर कितीतरी गावांत बायकांनी रांगा लावून बाटली आडवी केली. तो लढा आपला आहे आणि राहील. या लेखात मात्र मला दुसरा प्रश्न विचारायचा आहे. तो आपल्याला कुणी विचारत नाही आणि आपणही विचारलेला नाही. बाटलीत जे द्राक्ष जातं ते कुणी कुणाकडून, कोणत्या भावाने, कुणाच्या सहीने घेतलं?

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने किमान १०० चौरस मीटरच्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं. त्यानंतर जे रण माजलं ते सगळ्यांना आठवत असेल. एक बाजू म्हणाली, महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र करताय. दुसरी म्हणाली, वाइन म्हणजे दारू नव्हे, यात शेतकऱ्याचं भलं आहे. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, सरकारने हरकती-सूचना मागवल्या, निर्णय अडकून पडला. दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचं नाव घेतलं. दोन्ही बाजूंच्या तोंडी शेतकरी होता तो पुरुष, फेटा बांधलेला, सातबाऱ्यावर नाव असलेला. द्राक्षबागेत दिवसभर वाकून, मान वर करून, हात चिकट करून काम करणारी बाई त्या सगळ्या गदारोळात एकदाही दिसली नाही. दारूबंदीवाल्यांना ती घरी मार खाणारी म्हणून हवी होती. वाइनवाल्यांना ती हवीच नव्हती.

वारणानगरात राहून द्राक्षावर कशाला लिहायचं, असं कुणी विचारील. हा तर उसाचा मुलूख. कारखाना, दूध संघ, बझार, पापड उद्योग, सगळा सहकाराचा पसारा तात्यासाहेब कोऱ्यांच्या पिढीने इथे उभा केला तो उसाच्या जोरावर. पण वारणा ओलांडली की सांगली जिल्हा लागतो, आणि पलूस, तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडे गेलं की उसाबरोबर द्राक्षाचे मांडव सुरू होतात. राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण २००१ साली आलं तेव्हा नाशिकला विंचूर आणि सांगलीला पलूस अशा दोन ठिकाणी वाइन पार्कची योजना झाली. विंचूरला जी गजबज झाली ती पलूसला कधी झाली नाही. पण स्वप्न मात्र या भागात शिल्लक राहिलं. आता ते स्वप्न लहान आकारात परत आलं आहे. प्रक्रिया उद्योगाच्या शिबिरांत, बचत गटांच्या मेळाव्यांत ‘छोटी वाइनरी’ हा एक धडा असतो. काजू, जांभूळ, करवंद, मध, सगळ्यांच्या शेवटी द्राक्ष येतं. शिकवणारे सांगतात, बाग स्वतः लावू नका, भांडवल अडकतं. द्राक्षं विकत घ्या.

मी वारणेच्या दोन्ही काठांवर बचत गटांबरोबर काम करते, म्हणून अशा शिबिरांत मागच्या बाकावर बसण्याचा योग येतो. तिथे ऐकलेला एक सल्ला जसाच्या तसा देते, कारण माझा सगळा वाद त्याच्याशी आहे. “हंगामाच्या शेवटी जा. त्या वेळी भाव पडलेला असतो. शेतकऱ्याला माल धरून ठेवता येत नाही, ढग आले की तो घाबरतो. तुम्ही छोटे आहात, हीच तुमची ताकद. मोठ्यांना करार करावा लागतो, तुम्हाला काही बांधून घ्यायची गरज नाही.” समोर बसलेल्या चाळीसेक बायका हे वहीत उतरवून घेत होत्या. त्यांतल्या निम्म्या तरी शेतकऱ्यांच्या घरच्या होत्या.

दुसऱ्याची अगतिकता हा कच्चा माल समजा, असं त्या सल्ल्याचं सरळ मराठी आहे. आणि हे शिकवणारा माणूस वाईट होता असं नाही. तो आपला धंदा समजावून सांगत होता.

एकच गिऱ्हाईक

ही अगतिकता कुठून येते ते नीट समजून घेऊ. खायचं द्राक्ष आणि वाइनचं द्राक्ष ही दोन वेगळी पिकं आहेत. आपल्याकडे बहुतेक सगळी बाग खायच्या द्राक्षाची : थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन. ही विकली नाहीत तर बेदाणा करता येतो. तासगाव-सांगलीची बेदाण्याची बाजारपेठ त्यावरच उभी आहे. वाइनसाठी शिराज, काबर्ने सोव्हिन्यों, शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ या जाती लागतात. मणी बारीक, आत बी, साल जाड. बाजारात ते कुणी खायला घेत नाही, बेदाण्यालाही ते चालत नाही. म्हणजे ज्याने वाइनचं द्राक्ष लावलं त्याला वाइनवाल्यावाचून दुसरं गिऱ्हाईक नाही.

त्यात द्राक्ष हे तोडल्यावर पिकत नाही आणि थांबतही नाही. गोडी किती भरली ते रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या नळीत रसाचे दोन थेंब टाकून बघतात. त्या मापाला ब्रिक्स म्हणतात. वाइनला साधारण २२ ते २४ ब्रिक्स लागतो. तो आला की चार-सहा दिवसांत तोडणी झाली पाहिजे, पहाटेच्या गारव्यात झाली पाहिजे आणि त्याच दिवशी माल वाइनरीत पोचला पाहिजे. अशा वेळी गिऱ्हाईक म्हणालं, “गोडी कमी आहे, किलोमागे इतके रुपये कापतो,” तर शेतकरी काय करणार? माल परत आणून कुठे ठेवणार?

ही नुसती शंका नव्हे. २००८ नंतर मंदी आली, २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाचा अवकाळी पाऊस आला, वाइनऱ्यांच्या टाक्या आधीच्या मालाने भरलेल्या होत्या. वाइनची द्राक्षं घ्यायला कुणी येईना. नाशिक भागात शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा उपटून टाकल्या. नारायणगावची शॅटो इंडाज, जी या धंद्यातली सगळ्यांत जुन्या नावांपैकी एक होती, ती २०१० च्या सुमारास कर्जाखाली कोलमडली. मोठा बुडाला त्याच्या बातम्या झाल्या. त्याच्या भरवशावर बाग लावलेल्यांच्या घरात पुढची दोन-तीन वर्षं काय शिजलं, कुणाचे दागिने गहाण गेले, कुणाच्या मुलीची शाळा सुटली, याची बातमी होत नसते.

आमच्या भागातल्या बायकांना हे उसाच्या भाषेत सांगितलं की लगेच कळतं. उसालाही कारखान्याशिवाय गिऱ्हाईक नाही, तोही तोडल्यावर वाळतो. म्हणून तर १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने ठरवून दिलं की ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही तर १५ टक्के व्याज. २००९ पासून एफआरपी आली. ती वेळेवर मिळत नाही, काटा मारला जातो, त्यासाठी दरवर्षी रस्त्यावर उतरावं लागतं, हे सगळं खरं. तरी भांडायला हातात एक कागद आहे. वाइनच्या द्राक्षाला असा कागद नाही. ना ठरलेला किमान भाव, ना १४ दिवस, ना व्याज. केंद्राने २०२० साली करार शेतीचा कायदा आणला, शेतकऱ्यांनी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर ठाण मांडलं, २०२१ च्या अखेरीस तो मागे घ्यावा लागला. त्या कायद्यावर शेतकऱ्याचा विश्वास नव्हता, आणि योग्यच होतं. पण कायदा गेला म्हणून व्यवहार थांबलेला नाही. तो तोंडी चालू आहे, आणि तोंडी व्यवहारात वरचढ असतो त्याचीच जीभ चालते.

बागेतली बाई

आता बागेत शिरू. द्राक्षाला वर्षाला दोन छाटण्या. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी. छाटणी हे ‘कसबी’ काम, म्हणून ते पुरुषांच्या टोळ्यांचं, एकरी उक्तं ठरवून घेतलेलं. त्यानंतरची फेलफूट काढणं, शेंडे खुडणं, काड्या बांधणं, पानं काढणं, घडातले मणी विरळ करणं, खायच्या द्राक्षाचे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं, तोडणी, निवडणी, खराब मणी कात्रीने काढणं, ही सगळी कामं बहुतेक बायकांची, आणि ती रोजंदारीवर. मण्यांची विरळणी करताना कोणता मणी ठेवायचा, कोणता काढायचा हे हाताला कळावं लागतं. एक घड बिघडला तर डाग वर्षभराच्या मेहनतीला. पण ते ‘हलकं’ काम. कामाचं वजन ते कुणाच्या अंगावर आहे त्यावरून ठरतं, हे आपण शेतीत, घरात, गिरणीत, सगळीकडे पाहिलं आहे. समान कामाला समान वेतन हे तत्त्व १९७६ च्या कायद्यात आलं, २०१९ च्या वेतन संहितेतही आलं. त्यावरचा साधा उपाय म्हणजे कामच समान नाही असं म्हणून मोकळं व्हायचं. छाटणी वेगळी, विरळणी वेगळी. मिटला प्रश्न.

फळछाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाइड लावतात. आमच्याकडे त्याला नुसतं ‘पेस्ट’ म्हणतात. हे जालीम औषध आहे. कातडीला चटका बसतो, आणि त्या दिवसांत अंगात थोडी जरी दारू गेली तरी छाती धडधडते, डोकं फिरतं, माणूस आजारी पडतो. हातमोज्यांवाचून त्याला हात लावू नये असं डब्यावर लिहिलेलं असतं. डब्यावरचं वाचणारा मालक असतो, आणि काडीला लावणारे हात दुसऱ्याचे. पुढे भुरी, डाऊनी, करपा यांच्यासाठी फवारण्या. फवारणी झाल्यावर किती दिवसांनी बागेत शिरायचं याचा हिशेब बाईला कुणी सांगत नाही. तिला पान खुडायला बोलावलं की ती जाते. पोटुशी असली तरी जाते. बांधावर झोळीत मूल असतं.

यावर कुणी म्हणेल, हे सगळ्या शेतीचंच रडगाणं आहे, बिचाऱ्या छोट्या वाइनवाल्याच्या डोक्यावर कशाला फोडता? फोडते, कारण विकत घेणाऱ्याच्या शब्दाला बागेत किती वजन असतं ते आपण पाहिलं आहे. २००३ साली नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत कीडनाशकाचे अंश सापडले. हाहाकार झाला. त्यानंतर निर्यातीच्या बागांची नोंदणी आली, प्रयोगशाळा आल्या, ‘ग्रेपनेट’ आलं, शेतकरी फवारणीची वही ठेवू लागला. २०१० साली लिहोसिनचे अंश सापडले तेव्हा कंटेनरच्या कंटेनर अडकले आणि एका हंगामात सगळा द्राक्षपट्टा ते औषध टाळायला शिकला. म्हणजे गिऱ्हाईकाने ठामपणे विचारलं की बागेतल्या सवयी बदलतात. युरोपच्या गिऱ्हाईकाने आपल्या पोटात काय जाईल ते विचारलं. घड धरणाऱ्या हाताचं काय होतं, हे त्याने विचारलं नाही आणि त्याच्या वतीने इथेही कुणी विचारलं नाही.

“आम्ही छोटे आहोत”

छोट्या वाइनवाल्याचं ठरलेलं उत्तर असतं : आम्ही छोटे आहोत, आम्हाला परवडत नाही. त्याच्या अडचणी मी नाकारत नाही. मोठ्या वाइनऱ्यांच्या स्वतःच्या बागा आहेत, करार केलेले शेतकरी आहेत. चांगला माल आधीच त्यांच्याकडे जातो. छोट्याला उरलेलं मिळतं. टाकी, थंडावा, परवाना, उत्पादन शुल्क, आणि वर माल विकेपर्यंत वर्षभर पैसा अडकलेला. हे खरं आहे. पण वरून दाब आला की तो खाली ढकलायचा, आणि ढकलता ढकलता सगळ्यांत खाली जी उभी आहे तिच्या अंगावर टाकायचा, याला परवडणं म्हणत नाहीत.

हिशेबच करू. ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीला साधारण एक ते सव्वा किलो द्राक्ष लागतं. शेतकऱ्याला किलोमागे १० रुपये जादा दिले, तर बाटलीमागे फार तर साडेबारा रुपये वाढतात. बाटली ५०० रुपयांना विकली जाते असं धरलं, तर ही वाढ अडीच टक्के. आता मजुरी. एक बाई दिवसाला कमीत कमी १०० किलो द्राक्ष तोडते असं धरा. तिचा रोज एकदम १०० रुपयांनी वाढवला, तर किलोला १ रुपया, बाटलीला सव्वा रुपया. सव्वा रुपया! बुचाला, लेबलला, डब्यावरच्या सोनेरी अक्षरांना याहून जास्त पैसे जातात. तेव्हा “परवडत नाही” हे वाक्य गणितातून आलेलं नाही. ज्याला विचारलं जात नाही त्याला द्यायचं नाही, या जुन्या सवयीतून ते आलेलं आहे.

आणि मदतीचं म्हणाल तर शासनाने या धंद्याला कधी उपाशी ठेवलेलं नाही. २००१ च्या धोरणात उत्पादन शुल्काची सूट दिली. पुढे वाइनवर घेतलेल्या २० टक्के मूल्यवर्धित करातले १६ टक्के उद्योगाला परत देण्याची योजना राबवली. हे सगळं शेतकऱ्याच्या नावाने. परतावा मागताना किती बाटल्या विकल्या ते दाखवावं लागतं. शेतकऱ्याला पैसे पोचले का, तोडणीच्या बायकांना किमान वेतन मिळालं का, याचा कागद मात्र जोडावा लागत नाही. आमच्या बायकांना निराधार योजनेच्या सहाशे-हजार-पंधराशे रुपयांसाठी दाखल्यांवर दाखले जोडायला लावणारं सरकार इथे इतकं भाबडं कसं होतं?

दक्षिण आफ्रिकेकडे बघा. केप प्रांतातल्या वाइनच्या मळ्यांवर मजुरीचा एक भाग वाइनच्याच रूपात द्यायची चाल होती. तिला ‘डॉप’ म्हणत. कायद्याने बंदी आल्यावरही ती कितीतरी वर्षं चालू राहिली. बाप दारूत बुडाले, आया बुडाल्या, पोटातच दारूने बाधलेली मुलं जन्माला आली. त्या भागात अशा मुलांचं प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी एक आहे. २०१२ साली द डोर्न्स या गावातल्या द्राक्षमळ्यांत मजुरांनी संप पुकारला, तो सगळ्या प्रांतात पसरला. त्यांत हंगामी कामाच्या बायका मोठ्या संख्येने होत्या. मळेवाले तेव्हाही म्हणाले, परवडत नाही. मार्च २०१३ पासून किमान रोज ६९ रँडवरून १०५ रँड झाला. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेची वाइन जगाच्या बाजारातून नाहीशी झाली नाही. आपल्याकडे मजुरीत वाइन देत नाहीत, पण नवऱ्याच्या हातात पडलेला रोख पैसा संध्याकाळी कुठे जातो, हे सांगायला आफ्रिकेचा दाखला लागत नाही. म्हणूनच पैसा कुणाच्या हातात पडतो, हा प्रश्न दारूबंदीच्या प्रश्नाहून वेगळा नाही. त्याचंच ते दुसरं टोक आहे.

आपला गट, आपली सही

इथवर वाचून मान डोलावणाऱ्या मैत्रिणींना आता थोडं टोचणारं सांगते. उद्या हा छोटा वाइनवाला म्हणजे आपलाच बचत गट असेल. बायांनी धंदा करावा, मोठा करावा, असं मला वाटतं. दारू गाळण्याच्या धंद्यात पडावं का, यावर आपल्यात मतभेद आहेत, आणि ते मोकळेपणाने मांडायला हवेत. घटनेच्या ४७ व्या कलमाने राज्याला दारूबंदीच्या दिशेने जायला सांगितलं आहे, हे विसरू नये. पण गट या धंद्यात पडलाच, तर लेबलवर ‘महिलांनी बनवलेली’ असं छापल्याने काही पवित्र होत नाही. हंगामाच्या शेवटी ढगांची वाट बघून बागेत जाणारी बाई ही बाई असली तरी अडवूनच घेत असते. लिज्जत १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं. तिथे पापड लाटणारी प्रत्येक बहीण भागीदार ठरली, म्हणून त्याचं मोल. वारणानगरच्या बायकांनाही पापडाने तेच शिकवलं. लाटणारी भागीदार असते, तर तोडणारी का नको?

आणि सातबारा. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीधारकांत बाया सुमारे १४ टक्के होत्या. उरलेल्या बागांत बाई राबते पण कागदावर ती नसते. करार होतो तो ज्याच्या नावाने जमीन आहे त्याच्याशी, पैसे जातात त्याच्याच खात्यात. शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवडच्या अधिवेशनात बायकांचा प्रश्न ऐरणीवर आणला आणि पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला : नवऱ्याने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा. १९९४ साली महाराष्ट्राने मुलींना वडिलार्जित मालमत्तेत जन्मतः वाटा दिला, २००५ साली तो देशभर आला. कायदे झाले, पण भाऊबीजेच्या ताटात बहिणीकडून हक्कसोड घेण्याची रीतही चालू राहिली. तेव्हा सातबारा बदलेपर्यंत थांबायचं का? नाही. खरेदीचा कागद हा सातबाऱ्याहून सोपा कागद आहे. त्यावर कुणाचं नाव घालायचं ते विकत घेणारा ठरवू शकतो.

म्हणून द्राक्ष विकत घेणाऱ्या प्रत्येकाकडे, मग तो एकटा उद्योजक असो की आपला गट, आपण या गोष्टी मागायच्या :

भाव फळछाटणीआधी लेखी ठरवा. किती ब्रिक्सला किती रुपये, याचा तक्ता कागदावर असू द्या. ढग बघून भाव बदलायचा नाही.

गोडी बांधावर मोजा, आणि नळी बाईच्याही हातात द्या. रिफ्रॅक्टोमीटर वाचायला पाच मिनिटांत शिकता येतं. वजन तिच्यासमोर करा. माल नाकारायचा असेल तर तोडणीआधी नमुना घेऊन नाकारा. क्रेट दारात आल्यावर नाही.

करारावर नवरा-बायको दोघांच्या सह्या घ्या आणि पैसे दोघांच्या जोडखात्यावर टाका. जमीन एकट्या पुरुषाच्या नावाने असली तरी ‘पिकवणारी’ म्हणून तिचं नाव लिहायला कोणताही कायदा आड येत नाही.

उसासारखेच १४ दिवसांत पैसे द्या, उशीर झाला तर व्याज द्या.

तोडणीला आणि विरळणीला येणाऱ्या बायकांची हजेरी कागदावर घ्या. किमान वेतनापेक्षा एक पैसा कमी नको. हातमोजे, पिण्याचं पाणी, आडोसा, मुलांसाठी सावली, आणि फवारणीची तारीख बांधावर पाटीवर लिहिलेली.

छोट्यांनी एकेकट्याने पडेल भावाला घेण्याऐवजी एकत्र येऊन घ्या. आपण छोटे आहोत याची जाणीव असेल तर समोरचाही छोटा आहे हे दिसेल.

आणि सरकारकडे एक मागणी : वाइन उद्योगाला दिल्या जाणाऱ्या प्रत्येक सवलतीला शेतकऱ्याच्या पावतीची आणि मजुरांच्या हजेरीची अट घाला. शेतकऱ्याच्या नावाने सवलत घेता, तर शेतकऱ्याचा अंगठा दाखवा. शेतकरणीचाही.

यातली एकही मागणी आकाशातून चांदणं आणण्याची नाही. उसाच्या पट्ट्यात काट्यावर भांडणारी, दूध संघात फॅटचं माप स्वतः बघणारी बाई हे सगळं रोज करते. डेअरीत ती मापावर नजर ठेवून उभी असते, कारण तिथे थेंबाथेंबाचा पैसा तिच्या घरात येतो हे तिला ठाऊक असतं. द्राक्षाच्या मापाजवळही ती उभी राहिली पाहिजे.

वाइन दुकानात विकावी की न विकावी, याच्यावर विधानसभेत पुन्हा कधीतरी गदारोळ होईल. त्या वेळी दोन्ही बाजूंचे लोक पुन्हा शेतकऱ्याचं नाव घेतील. तेव्हा आपण गप्प बसायचं नाही. त्यांना विचारायचं : कोणता शेतकरी? करार दाखवा. त्यावर किती बायकांच्या सह्या आहेत? येत्या फळछाटणीपूर्वी आपापल्या भागात द्राक्ष घेणाऱ्या एका तरी माणसाकडे, एका तरी गटाकडे जाऊन हा कागद मागा. नसेल तर नाही म्हणून लिहून घ्या. पुढच्या अंकासाठी ते आम्हाला पाठवा.